क्रेनला लावलेला शेंदूर

महिपती मारकडला गोड बोलता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भिगवणला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला मोहनरावांचं वर्कशॉप होतं, तिथं तो हेडमिस्त्री. त्याच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा ड्रायव्हर त्या रस्त्यावर शोधून सापडला नसता. "म्हशीला येळंवर पाणी दावतोस, आन् रेडिएटरला दावायला हात मोडला का तुजा?" असं तो ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या सासऱ्यासमोर विचारायचा. तरी गाड्या त्याच्याकडंच यायच्या. शिव्या फुकट होत्या आणि त्यानं जुळवलेलं इंजिन लवकर परत दुरुस्तीला येत नव्हतं.

या रागाला मूळ होतं. महिपती कळसचा. बाप-आजा मेंढरांमागं फिरलेले. बापानं कळप विकला, कोरडवाहू रान कसायला घेतलं आणि पोराला बारामतीला रामहरी वस्तादाच्या गॅरेजात ठेवलं. त्या काळी इंजिन उतरवायचं म्हणजे लिंबाच्या फांदीला चेनपुली अडकवायची आणि साखळी ओढायची. त्या फांदीला चीर गेली होती. ती वस्तादाला दिसत होती, ट्रकमालकांना दिसत होती, चहा घेऊन येणाऱ्यालाही दिसत होती. "आजवर धरलंय की, आजच काय मोडतंय?" असं सगळे म्हणत राहिले आणि एक दिवस फांदी मोडली. ट्रकचं इंजिन रामहरीच्या गुडघ्यावर आलं. पाय कापावा लागला. दवाखान्याच्या पायरीवर बसून गॅरेजवाले, ट्रकवाले, पै-पाहुणे सगळे एकच बोलले, नशिबात होतं. चिरलेल्या फांदीचं नावही कुणी काढलं नाही. तेव्हापासून नशीब हा शब्द ऐकला की महिपतीच्या मस्तकात तिडीक जायची.

पुढं रामहरीचा पोरगा जोतीराम याच कामात तयार झाला. हातात कसब चांगलं, फक्त डावरा. लग्न झालं, दोन मुली झाल्या, तेव्हा महिपतीनंच त्याला भिगवणला आपल्या हाताखाली घेतलं. निघताना रामहरी कुबडीवर तोल सावरत म्हणाला, "महिपती, माजा पाय गेला तो गेला. पोराचं नख बी जाऊ दिऊ नगंस."

"माज्या डोळ्यादेखत जाणार न्हाय, वस्ताद," महिपती म्हणाला. गोड बोलता न येणाऱ्या माणसाचा शब्द होता, म्हणून रामहरीनं तो पक्का धरला.

भिगवणला मात्र लिंब नव्हता, तीन वाशांची तिवई होती आणि तीही डुगडुगायची. महिपती रोज त्या तिवईवरून मोहनरावांचं डोकं खायचा. मोहनराव पणदऱ्याचे, घरचा ऊस, कारखान्याचे सभासद, मनानं वाईट नव्हते. पण त्यांना कुठलीही गोष्ट पटायला आधी शेजाऱ्यानं करून दाखवावी लागे. पाटसच्या एका गॅरेजवाल्यानं हायड्रॉलिक क्रेन आणली, तसे मोहनराव पुण्याला गेले आणि तशीच क्रेन घेऊन आले.

टेम्पोतून आली ती सुटी. दोन लांब पाय, एक खांब, पुढं काढता-घेता येणारा लोखंडी हात, खालून हाताला रेटा देणारा तेलाचा जॅक, आणि बारदानात गुंडाळलेले नटबोल्ट. महिपती त्या दिवशी पार्ट आणायला बारामतीला गेलेला. मोहनरावांना धीर कुठला? त्यांनी चार माणसं लावली, जे भोक दिसेल त्यात बोल्ट ठोकला, वर हातोडा घातला आणि महिपती येईपर्यंत क्रेन उभी करून दाखवली. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि एक चाक जमिनीला टेकतच नव्हतं.

"ही काय बैलगाडीची खुटी हाय व्हय ठोकून बसवायला?" महिपती कडाडला आणि सगळी क्रेन पुन्हा खोलली. मोहनराव तोंड पाडून बाजूला उभे राहिले.

मग त्यानं ती आपल्या रीतीनं जोडली. आधी सिमेंटच्या सपाट कोब्यावर पाय मांडले. सगळे बोल्ट नुसते बोटानं फिरवून बसवले, एकही आवळला नाही. खांब उभा केला, ओळंब्यानं सरळ आहे का पाहिला, चारी चाकं टेकली का पाहिली आणि मग आलटून पालटून, थोडा हा, थोडा तो, असे बोल्ट आवळले. जॅकमध्ये तेल भरून हात रिकामाच वर-खाली केला, आत अडकलेली हवा निघून जाईपर्यंत. हात जितका लांब काढाल तितकं त्याला कमी पेलतं: आखूड ठेवला तर दोन टन, पुरता लांब काढला तर जेमतेम अर्धा. ते त्यानं पांढऱ्या रंगात मोठमोठ्या अक्षरांत क्रेनच्या हातावरच लिहिलं, म्हणजे "मला ठावं न्हवतं" म्हणायला कुणाला तोंड उरू नये.

आणि मग त्यानं काढली ती भाकरीची परीक्षा. दर आठवड्याला जेवणाच्या सुट्टीत क्रेनला एक जुना गिअरबॉक्स टांगायचा, जमिनीपासून हातभरच वर. मागच्या भिंतीवर त्याच्या बुडाशी जोतीराम खडूनं रेघ मारायचा. सगळ्यांनी लांब बसून भाकरी खायची. हात धुऊन पाहायचं. गिअरबॉक्स रेघेवर असला तर जॅकमधलं तेल अडवणारं रबरी सील धडधाकट; रेघेखाली उतरला तर क्रेन बंद. शिवाय एक नियम होता, त्याला सूट नव्हती: उचललेलं इंजिन आधी चार पायांच्या लोखंडी घोडीवर टेकवायचं आणि मगच त्याखाली हात घालायचा. "टांगल्याल्या वजनावर इस्वास ठिवायचा न्हाय. सख्ख्या भावानं धरलं आसलं तरी न्हाय," तो म्हणायचा.

मोहनरावांची आई भामाबाई पणदऱ्याहून क्रेन बघायला आली होती. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं ठणठणीत. एकट्या जोतीरामनं डाव्या हातानं दांडा मारत ट्रकचं इंजिन अधांतरी उचललं, तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले. "आगं बया! ह्यो तर मारुतीराया की. द्रोणागिरी उचाललाय जणू." झालं. त्या दिवसापासून वर्कशॉपात क्रेनचं नाव मारुती पडलं. महिपतीही हसला, आणि त्याचं हसणं लोकांनी बरेच दिवस लक्षात ठेवलं.

दोन-तीन वर्षं क्रेननं झकास काम दिलं. मग शहाण्णव सालचा दसरा आला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, वेल्डिंगचं मशीन, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही. महिपती दर वर्षीसारखा कळसला गेला होता, बिरोबाच्या जागराला. इकडं भामाबाई पूजेला आली. पोरांनी शोभा यावी म्हणून क्रेनचा हात पार वरपर्यंत उचलून ठेवला होता, त्यामुळं जॅकचा रॉड पुरता बाहेर आलेला, आरशासारखा चकचकीत. म्हातारीला वाटलं, याचं सगळं बळ इथंच. मारुतीला हळदकुंकू कसलं? मारुतीला शेंदूरच पाहिजे. तिनं जवसाच्या तेलात शेंदूर कालवला आणि त्या चकचकीत रॉडला वरपासून खालपर्यंत आपल्या हातानं चोपडला. वाटी जोतीरामनं धरली होती. दसरा झाला, पुढं दोन दिवस सुट्टी गेली. जवसाचं तेल आणि ऑक्टोबरचं ऊन. शेंदूर वाळून खडखडीत झाला.

महिपती परत आला तो दारातच थबकला. आता खरं तर त्यानं तोंड आवरायला हवं होतं. पण आवरलं तर तो महिपती कसला!

"ह्या रॉडला घामाचा हात लागला तरी मी फडक्यानं पुसतो! आन् तुमी शेंदूर थापला? ह्यो आत गेला की सीलाच्या चिंध्या हुत्याल. कुणाच्या अकलेचा दिवा ह्यो?"

"आक्कांनी पूजा केली, दादा," जोतीराम हळूच म्हणाला.

"म्हातारीला काय कळतंय जॅकमधलं?"

मोहनराव मागंच उभे होते. माणूस बरोबर बोलत होता, पण बरोबर बोलण्याला त्यानं शिव्यांची फोडणी दिली, आणि मोहनरावांच्या नाकात तेवढी फोडणीच गेली.

"मिस्त्री, जीभ आवरा. माज्या आईनं देवाला लावलेला शेंदूर खरवडायचा? सीझनच्या तोंडावर? आईच्या जिवाला काय वाटंल?"

बाहेर ऊसवाहतुकीचे ट्रक आणि ट्रॅक्टर रांगेत उभे होते. कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत सगळ्यांना गाड्या हव्या होत्या. दुपारपर्यंत मोहनरावांच्या हुकमानं क्रेन वर-खाली होऊ लागली आणि वाळका शेंदूर सीलाला खरडत आत-बाहेर जाऊ लागला. जेवणाच्या सुट्टीत महिपतीनं कुणाला न विचारता गिअरबॉक्स टांगला. भाकरी खाऊन पाहिलं तर तो रेघेच्या वीतभर खाली, आणि जॅकच्या गळ्याशी तांबडं तेल पाझरलेलं.

"बघा! ह्या बघा, मालक!"

"आलं खाली तर आलं. परत दांडा मारायचा, जातंय वर," मोहनराव म्हणाले.

"माणूस खाली घावला तर दांडा मारून वर येत न्हाय!"

मोहनरावांनी तरीही क्रेन थांबवली नाही. तेव्हा महिपतीनं जे केलं ते साऱ्या भिगवणनं तोंडाला पदर लावून सांगितलं. त्यानं क्रेनचा पंप मारायचा दांडा उपसला, खांद्यावर टाकला, आणि तसाच चालत एसटी स्टँडवर गेला. दांड्याशिवाय क्रेन उचलणार कशी? कळसच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "ह्येचं बी तिकीट काढू का?" तर त्यालाही चार शब्द ऐकावे लागले. जोतीरामला त्यानं जाताना एवढंच सांगितलं, "मी ईस्तवर तिला हात लावू नगंस."

पण अडला हरी. ट्रकवाले बोंबलत होते. मोहनरावांनी नळाचा पाइप कापून दांडा बनवला. जोतीरामनं लोखंडी घोडी आणली, तर कुणीतरी म्हणालं, "मारुतीरायानं धरलंय की. घोडी मांडून देवाचा अपमान करतोस का?" हे बोलणं ज्याचं कुणाचं होतं, त्यानं पुढं कधी कबूल केलं नाही. तीन वर्षं घोडीशिवाय हात न घालणारा जोतीराम त्या एका वाक्याला वरमला. घोडी बाजूला सारली. ट्रकचं इंजिन जागेवर बसवायचं होतं, त्याच्या बुडाचं रबर सरळ करायला त्यानं डावा हात खाली घातला, इंजिन अधांतरी राहावं म्हणून मोहनराव स्वतः पाइप मारत होते, आणि आत फाटत आलेलं सील पुरतं फाटलं. इंजिन धप्पकन बसलं. मधली तीन बोटं चेसिसवर राहिली.

निरोप कळसला एका टेम्पोवाल्यानं आणला. महिपती तसाच बारामतीच्या दवाखान्यात पोहोचला. बाहेर पायरीवर माणसं बसली होती, जणू ती लिंबाच्या फांदीच्या दिवसापासून उठलीच नव्हती. आणि बोलणंही तेच. "नशीब बगा. तीन बोटांवर भागलं. मारुतीरायानंच वाचवलं, न्हायतर आख्खा हात गेला आसता." मोहनराव तर म्हणाले, "आसली दांडा आसता तर ह्ये झालंच नसतं. मिस्त्रीनं पळवला म्हणून ही येळ आली."

महिपती उसळला. "मारुतीनं वाचवलं? आन् बोटं कुणी घेतली? ती बी मारुतीच्याच नावावर घाला की! सील फाटल्यालं म्या दावलं, तेल गळत्यालं दावलं, तवा तुमचं डोळं कुठं हुतं? दांडा सोन्याचा आसता तरी सील फाटलंच आसतं, मोहनराव! चांगलं वाचलं की देव, वाईट झालं की मिस्त्री. तुमची करणी कुठं हाय ह्येच्यात?" सगळे चपलांकडं बघत राहिले.

कोपऱ्यात रामहरी कुबडी टेकून बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "महिपती, तू तितं न्हवतास न्हवं?"

"न्हवतो, वस्ताद."

"मंग तुजा शबूद काय मोडला न्हाय. तू डोळ्यादेखत म्हणला हुतास."

म्हातारा टोचून बोलत नव्हता, मनापासून समजूत घालत होता. पण मोहनरावांच्या साऱ्या बोलण्यापेक्षा हेच महिपतीला जास्त भाजलं. दांडा उचलून निघून जाण्याऐवजी आपण क्रेनच्या पुढ्यात आडवं पडायला हवं होतं, हे त्याला त्या घटकेला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचाच संताप आला.

आठवड्यानं कळसच्या त्याच्या घरासमोर मोहनरावांची जीप थांबली. भामाबाई उतरली. मोहनराव दाराबाहेरच उभे राहिले. म्हातारी ओट्यावर बसली, पाणी घेतलं नाही.

"महिपती, खरं सांग. माज्या शेंदरानं झालं का?"

मोहनरावांनी मागून मान हलवली, नाही म्हण म्हणून. महिपतीची बायकोही डोळ्यांनी खुणावत होती. सत्तरीतल्या बाईला असं कोण सांगतं?

"व्हय, आक्का," महिपती म्हणाला. "तुमच्या शेंदरानं सील फाटलं. पर तुमी लावला तवा तुमास्नी ठावं न्हवतं. ज्यास्नी ठावं झालं त्येंनी बी पुसू दिला न्हाय."

भामाबाईनं आपले तळवे उलटेपालटे करून पाहिले. मग पोराकडं वळली. "का रं, का पुसू दिला न्हाईस?"

"आई, तुला वाईट वाटंल म्हणून..."

"मला इचारलंस?"

मोहनरावांनी मान खाली घातली.

"आन् तू रं? तू मला इचारलंस?" हे महिपतीला होतं. त्याचीही मान खाली गेली. "माज्या नावानं दोगं भांडलात आन् एकाला बी वाटलं न्हाय, म्हातारीला इचारावं. आरं, मारुतीच्या अंगावर शेंदराचं थर साचलं, जड झालं, की खोळ उतरवत्यात का न्हाय? देवळातल्या देवाची उतरवत्यात. खरवडत्यात, वाजतगाजत न्हेऊन पाण्यात सोडत्यात, मूळ देव पुन्ना दिसतो. ही रीत हाय. म्याच उतारली आसती की रं. सांजंच्या आत उतारली आसती. लेकराची बोटं ऱ्हायली आसती."

मग मात्र तिला रडू फुटलं. एवढ्या मोठ्या भांडणाचा तोडगा त्या म्हातारीच्या पदरात होता आणि कुणालाही चार पावलं चालून जावंसं वाटलं नव्हतं, याला काय म्हणायचं? नशीब तर नक्कीच नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं वर्कशॉपात बसून खोळ उतरवली. महिपतीनं दाखवलं तसं रॉकेलच्या फडक्यानं मऊ करून, रॉडला ओरखडा न पडू देता. निघालेला शेंदूर तिनं पितळी ताटात घेतला आणि उजनीच्या पाण्यात सोडला. महिपतीनं जॅक खोलला, नवी सीलं घातली, तेल बदललं, आणि कळसहून आणलेला दांडा जागेवर बसवला. मोहनरावांनी त्याला काम सोडू नका म्हटलं, पण चुकलो असं म्हटलं नाही. महिपतीनंही ते शेवटपर्यंत विसरू दिलं नाही. जोतीरामला मात्र मोहनरावांनी पहिल्याच पगारावर ठेवलं, एवढं त्यांच्या पदरात घालायला हवं.

पुढच्या खंडेनवमीला महिपती कळसला गेला नाही. भामाबाई आली. हार होता, नारळ होता, हळदकुंकवाची वाटी होती, शेंदूर नव्हता. "कुठं लावू रं?" तिनं विचारलं. महिपतीनं खांबाचं बूड दाखवलं. तिनं वाटी खाली ठेवली.

"थांब. आधी भाकर. मंग नारळ."

"आक्का, आज हत्यारं चालवत न्हाईत," कुणीतरी म्हणालं.

"माजी इच्छा. ज्येला पाप लागतंय आसं वाटतंय त्यानं भायेर बसावं."

कुणी बाहेर गेलं नाही. महिपतीनं गिअरबॉक्स टांगला. म्हातारीनं पणदऱ्याहून बांधून आणलेल्या भाकरी सोडल्या आणि सगळे लांब भिंतीशी बसले. जोतीराम रेघ मारायला उठला. महिपती म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मी मारतो." पण रेघ आजवर त्याचीच होती, आणि तो डावरा होता. त्यानं अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत खडू धरला, एकदा सुटला तो पुन्हा उचलला, आणि भिंतीवर सरळ रेघ ओढली.